गुत्तेदारांची चांदी : रोमच्या खाणींपासून निजामी मुलुखापर्यंत

‘गुत्तेदार’ हा शब्द पुणे-सातारकडील मनुष्यास नवखा वाटतो. तिकडे मक्तेदार म्हणतात, ठेकेदार म्हणतात, कंत्राटदार म्हणतात. भोकर, उमरी, धर्माबाद, बिलोली या आपल्या पट्ट्यात मात्र रस्त्याचे काम असो, तेंदूपत्त्याचा लिलाव असो, वा गोदावरीच्या वाळूचा घाट असो, तो घेणारा गुत्तेदारच. तेलुगू-कानडीच्या शेजारातून हा शब्द आपल्या बोलीत आला आणि निजामी अमलात तो रुळला. उर्वरित महाराष्ट्राने त्याचा एक तुकडा तेवढा उचलला, तो म्हणजे दारूचा गुत्ता. ज्या दुकानाचा मक्ता सरकार लिलावाने देई, त्या दुकानासच मक्त्याचे नाव चिकटले. शब्दाच्या नशिबी असे भोग येतात; असो.

ज्ञातीच्या स्मरणिकेत कुलदैवतांचे, घराण्यांचे आणि दानशूर पुरुषांचे वृत्तांत येतात, आणि ते यावेतही. परंतु आपल्या सुवर्णकार समाजाच्या नित्य हाताखालून जो धातू जातो, त्याचा इतिहास आपणच लिहिला नाही तर कोण लिहिणार? शिवाय या विषयास एक नाजूक बाजू आहे. आपल्याकडे काही घराणी आजा-पणजाच्या गुत्तेदारीचा उल्लेख अभिमानाने करतात, तर काही तोच उल्लेख हलक्या आवाजात करून विषय बदलतात. दोहोंच्या मुळाशी समजूत एकच, की गुत्ता बरा की वाईट हे गुत्तेदाराच्या स्वभावावर ठरते. आम्हांस ही समजूत पटत नाही. गुत्तेदार निर्दय होता काय, यापूर्वी विचारण्याजोगा प्रश्न असा की, त्याच्या गुत्त्याची मुदत किती होती, त्याचा हिशेब कोण तपासत होता, आणि सरकार त्याचे किती देणे लागत होते. या तीन प्रश्नांच्या कसोटीवर दोन हजार वर्षांपूर्वीचे रोम आणि दीडशे-दोनशे वर्षांपूर्वीचा आपला मुलूख घासून पाहण्याचा येथे विचार आहे.

प्रथम रोमच का, हे सांगितले पाहिजे. दख्खनच्या काळ्या पाषाणात चांदी सापडत नाही. आपल्या पूर्वजांच्या मुशीत जी चांदी आली ती बहुतांशी समुद्रमार्गाने, व्यापाराच्या मोबदल्यात आली. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक नाविकाने लिहिलेला ‘पेरिप्लस’ हा प्रवासग्रंथ प्रसिद्ध आहे. त्यात भडोचच्या बंदरापासून वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तेथून पूर्वेस दहा दिवसांवर तगर, म्हणजे आजचे धाराशिव जिल्ह्यातील तेर, अशी नोंद आहे. तगराहून जाडेभरडे कापड आणि मलमल भडोचला जाई. त्याच ग्रंथात भडोचास येणाऱ्या मालाच्या यादीत रोमची सोन्याचांदीची नाणी आहेत, आणि ती देशी नाण्यांशी बदलताना नफा राहतो असेही ग्रंथकार बजावतो. बट्ट्याचा हा धंदा सराफास नवीन नाही! पश्चिम भारतातील क्षत्रपांनी आपली चांदीची नाणी पाडताना रोमची नाणी वितळवली असावीत, असे काही नाणकशास्त्रज्ञांचे मत आहे. नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभी येथे १९०६ साली नहपान क्षत्रपाच्या तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा ठेवा सापडला आणि त्यांपैकी बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा उमटवलेला आढळला. एकाच चांदीवर अशी सत्तेमागून सत्ता छाप उठवीत गेली.

ही रोमची चांदी निघे कोठून? तिचा मोठा भाग स्पेनमधून येई. कार्थेजशी झालेल्या दुसऱ्या युद्धात रोमने स्पेनचा दक्षिण किनारा जिंकला आणि नवे कार्थेज, आजचे कार्ताहेना, या शहराजवळच्या खाणी हाती आल्या. पॉलिबियस या इतिहासकाराने त्यांचे वर्णन केले होते आणि स्ट्रेबो या भूगोलकाराने ते जतन केले. तेथे ४०,००० माणसे राबत आणि रोमच्या जनतेस प्रत्यही २५,००० द्राख्म्यांचे उत्पन्न होई. हे आकडे वाचून डोळे दिपतात. परंतु डायोडोरस या दुसऱ्या ग्रंथकाराने त्याच देशातील खाणींची आतली बाजू सांगितली आहे. रोमचा विजय होताच इटलीतील लोकांनी तेथे धाव घेतली, गुलामांचे तांडे विकत घेतले आणि ते मुकादमांच्या हवाली केले. भुयारातील पाणी काढण्यास मळसूत्री पंप होते. माणसांस मात्र विसावा नव्हता. रात्रंदिवस चाबकाखाली खणता खणता ती भुयारातच मरत, आणि ज्यांचे शरीर कणखर त्यांचे हाल तेवढे अधिक लांबत.

या खाणी राज्याच्या मालकीच्या होत्या. चालवीत मात्र खाजगी लोक. रोमला आजच्यासारखे खाते, कचेरी, कारकून असे काही नव्हते. दर वर्षी नवे अधिकारी निवडून यावेत आणि वर्षाने घरी जावे, अशी तेथील घटना. तेव्हा रस्ते, देवळे, फौजेचा पुरवठा, जकात, सरकारी जमीन आणि खाणी ही सारी कामे लिलावाने दिली जात. दर पाच वर्षांनी निवडले जाणारे ‘सेन्सर’ हे अधिकारी हा लिलाव करीत. लिलावाच्या जागी भाला रोवून ठेवण्याची रीत होती. बोली घेणाऱ्यास जामीनदार द्यावे लागत आणि त्यांच्या स्थावराची हमी लिहून घेतली जाई. हे गुत्तेदार ‘पब्लिकानी’ या नावाने इतिहासात प्रसिद्ध आहेत. वरिष्ठ सभेचे सभासद असलेल्या सरदारांस अशी कामे घेण्याची मनाई असल्यामुळे त्यांच्या खालोखालचा धनिक वर्ग यात उतरला आणि भागीदारीच्या मोठमोठ्या मंडळ्या उभ्या राहिल्या. स्पेनच्या खाणी अशा बड्या मंडळ्यांकडे होत्या की लहान लहान घरांकडे, याविषयी विद्वानांत वाद आहे. कार्ताहेनाकडील शिशाच्या लगडींवर रोसियस बंधूंसारख्या खाजगी इसमांची नावे उठवलेली सापडली आहेत. तेथील चांदीच्या अशोधित धातूत शिसे असे, आणि ते वेगळे काढल्यावाचून चांदी हाती येत नाही, हे वाचकांस सांगणे नलगे.

पहिली कसोटी युद्धकाळातच लागली. इ. स. पूर्वी २१५ साली स्पेनमधील फौजेस अन्नवस्त्र पाठवण्यास रोमच्या खजिन्यात पैसा उरला नव्हता. तेव्हा गुत्तेदारांनी उधारीवर माल पुरवण्याचे मान्य केले. त्यांची एक अट अशी, की वादळाने किंवा शत्रूने जहाज बुडाल्यास नुकसान सरकारचे. देशभक्तीचे म्हणून या प्रसंगाचे कौतुक झाले. तीनच वर्षांत त्यातील पोस्टुमियस नावाच्या गुत्तेदाराचे कृत्य उघडकीस आले. न बुडालेली जहाजे बुडाल्याचे त्याने कळवले. कोठे मोडकी गलबते घेऊन, त्यांत थोडा किरकोळ माल भरून, ती मुद्दाम भर समुद्रात बुडवली आणि भरपाई मात्र भारी मालाची मागितली. वरिष्ठ सभेस हे कळले होते, तरी युद्ध चालू असता गुत्तेदारांचा रोष नको म्हणून ती काही काळ गप्प राहिली. पुढे जनतेपुढे खटला उभा राहिला तेव्हा गुत्तेदारांनी दंगल करून सभाच उधळली. तेव्हा कोठे सरकार जागे झाले. सरकार ज्याचे देणे लागते त्याचा हिशेब सरकारास मागवत नाही, हे येथे प्रथम दिसते.

रोमचे लोक हे समजून होते. इ. स. पूर्वी १६७ मध्ये मॅसिडोनियाचे राज्य जिंकल्यावर तेथील सोन्याचांदीच्या खाणी त्यांनी चक्क बंद केल्या. खाणी चालवायच्या तर गुत्तेदार नेमावे लागणार, आणि गुत्तेदार नेमले तर जिंकलेल्या प्रजेस कायद्याचे संरक्षण उरणार नाही, असा विचार लिव्ही या इतिहासकाराने नमूद केला आहे. स्वतःच्या यंत्रणेविषयी इतका स्पष्ट अविश्वास दाखवणारे राज्य विरळा. नऊ वर्षांनी त्याच खाणी पुन्हा उघडल्या, हेही सांगितले पाहिजे.

पुढे गुत्तेदारांचा वर्ग इतका प्रबळ झाला की न्यायासनही त्याच्या हाती गेले. आशिया प्रांतात, म्हणजे आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम भागात, करवसुली करणाऱ्या गुत्तेदारांस रुटिलियस रूफस या अधिकाऱ्याने आवर घातला. इ. स. पूर्वी ९२ साली त्याच्यावरच प्रजेस लुबाडल्याचा आरोप ठेवण्यात आला. पंच गुत्तेदारांच्याच वर्गातील असल्यामुळे तो दोषी ठरला. हद्दपारीत तो कोठे जाऊन राहिला? ज्या प्रांतास त्याने लुबाडले म्हणून शिक्षा झाली त्याच प्रांतात, आणि तेथील लोकांनी त्यास सन्मानाने ठेवून घेतले. निकालावर याहून बोचरी टीका कोणती होणार!

या सर्वांत आम्हांस विशेष मनोवेधक वाटली ती मात्र दोन कांस्य पत्र्यांवरील कोरीव नियमावली. पोर्तुगालमध्ये आल्युश्त्रेल येथे एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकांत हे पत्रे सापडले. ते हेड्रियन बादशहाच्या काळातील, म्हणजे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील. व्हिपास्का नावाच्या या तांबे-चांदीच्या खाणगावात बादशहाचा अंमलदार नेमलेला असे आणि विहिरीसारख्या एकेका खाणमुखाचा ताबा निरनिराळ्या इसमांस दिला जाई. चांदीच्या खाणमुखात सरकारचा निम्मा भाग. तो ४,००० सेस्टर्स भरून सोडवल्यावाचून धातू गाळण्यास बंदी. खाणमुख घेऊन काम बंद ठेवले, तर ते दुसऱ्याने घ्यावे. गावातील न्हावी, चांभार आणि परीट यांचे धंदेही गुत्त्याने दिलेले. स्नानगृहाच्या गुत्तेदारास तर काय काय बजावले आहे! पाणी रोज तापलेले असावे. सकाळपासून दुपारपर्यंत स्त्रिया, पुढे रात्रीपर्यंत पुरुष. स्त्रियांस एक आस आणि पुरुषांस त्याच्या निम्मा आकार. मुलांस व शिपायांस मोफत. तांब्या-पितळेची भांडी दर तीस दिवसांनी घासूनपुसून चकचकीत करावीत. जळाऊ लाकूड परस्पर विकल्यास दंड. गावातील शाळामास्तरांस मात्र करभारातून सूट. गुत्तेदार आहेच, पण त्याच्या शेजारी अंमलदार बसलेला आहे आणि अट पत्र्यावर कोरून चावडीवर टांगलेली आहे. खाण कामगाराचे कष्ट त्यामुळे कमी झाले असे आम्ही म्हणत नाही. खाणीतील गुलामाने तांबे अथवा चांदी चोरल्यास फटके आणि विक्री, अशी कलमे त्यातच आहेत. तथापि स्पेनच्या पहिल्या लुटीत आणि या नियमावलीत जे अंतर आहे ते तीनशे वर्षांच्या अनुभवाचे आहे.

आता आपल्या बाजूस वळू. निजामाच्या पूर्वी आपला प्रदेश ज्या दख्खनी सुलतानांच्या राजकारणाशी निगडित होता, त्यांपैकी गोवळकोंड्याच्या कुतुबशाहीत हिऱ्यांच्या खाणी अशाच गुत्त्याने दिल्या जात. मछलीपट्टणच्या वखारीतील विल्यम मेथवोल्ड या इंग्रजाने इ. स. १६२२ च्या सुमाराची माहिती लिहून ठेवली आहे. कृष्णेकाठच्या खाणीचा गुत्ता सालिना तीन लक्ष होनांस एका हिंदू इसमाकडे होता आणि दहा कॅरेटवरील हिरे सुलतानाने आपल्यासाठी राखून ठेवले होते. हा गुत्तेदार जातीने सोनार होता आणि मेथवोल्ड त्याचे नाव मार्कंड असे देतो. ज्ञातिबांधवांनी या नावावर हक्क सांगावयाचा असल्यास आमची हरकत नाही; मात्र तो सांगताना पुढील आकडाही सांगावा. त्या खाणीवर तीस हजार माणसे राबत, असा मेथवोल्डचा अंदाज आहे. आणि त्यानंतर काही वर्षांनी तावेर्निये या फ्रेंच जवाहिऱ्याने दुसऱ्या एका खाणीवरील मजुराचा मेहनताना लिहिला आहे : साऱ्या वर्षास अवघे तीन होन.

आसफजाही अमलात आपल्या प्रदेशात खाणी नव्हत्या. जमीन हीच खाण आणि तीतून निघणारा शेतसारा हीच चांदी. पेशकार चंदूलाल हे १८०६ पासून या राज्याच्या जमाखर्चाच्या नाडीवर बोट ठेवून होते, १८०९ नंतर कारभार वस्तुतः त्यांच्याच हाती आला आणि १८४३ पर्यंत राहिला. हे जातीने खत्री, दानधर्मात मुक्तहस्त आणि ‘शादां’ या नावाने कविता करणारे रसिक गृहस्थ. यांच्या स्वभावास दोष द्यावा असे थोडे आहे. म्हणूनच हे उदाहरण उद्बोधक आहे. इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालील फौजेचा खर्च निजामाच्या माथी बसला होता आणि तो वर्षास चाळीस लक्षांच्या घरात गेला. शिपायास पगार महिन्याच्या महिन्यास रोख हवा. रयतेचा सारा सुगीनंतर. मधल्या काळात रोकड कोण देणार? ज्याच्याजवळ ती असेल तो. त्याने ती द्यावी आणि बदल्यात एखादा तालुका, परगणा किंवा अख्खा सुभा वसुलीस घ्यावा. अशा वसुलीदारास ताहुददार म्हणत.

रोमच्या गुत्त्यास पाच वर्षांची मुदत असे. चंदूलालांच्या काळी मुदतीचा भरवसा राहिला नाही. एकाने नजराणा देऊन तालुका घ्यावा, तो तेथे पोहोचून रक्कम वसूल करीत आहे तोच दुसऱ्याने अधिक नजराणा भरावा आणि सनद फिरवून घ्यावी. हैदराबादेहून निघालेला एक ताहुददार घोड्याच्या शेपटीकडे तोंड करून बसला. कारण विचारता म्हणाला, आपल्या जागी नेमलेला मागून येत आहे काय ते पाहतो! ही आख्यायिका खरी असो वा नसो, ती प्रचलित झाली यातच सर्व आले. ज्यास पुढच्या सुगीचा भरवसा नाही तो विहीर कशास बांधील, तगाई कशास देईल, उभे पीक पिकेपर्यंत कशास थांबेल? वसुलीस अरब आणि रोहिले शिपाई ठेवलेले असत. त्यांचाही पगार थकलेला. रयत गाव सोडून जाई आणि जमीन पडीक पडे. येथे ताहुददार दयाळू असता तर त्याचे दिवाळे प्रथम निघाले असते.

आपल्या भागाने हे मुकाट्याने सोसले असेही नाही. हदगावाकडील नाव्ह्याच्या गढीत नोव्साजी नाईक याने निजामी सत्तेस आव्हान दिले होते. उमरखेडाजवळ लढाई झाली आणि १८१९ च्या जानेवारीत मेजर पिटमन याच्या हाताखालील फौजेने तोफा लावून गढी घेतली. या लढ्याचे एकच कारण काढणे धाडसाचे होईल. हटकर नाईकांचा निजामी सत्तेशी झगडा त्याआधीपासूनचा होता. परंतु तो लढा आणि फौजेच्या पगारासाठी मुलूख सावकारांकडे बांधला जाण्याचा काळ एकच आहे, हे नांदेडचा इतिहास लिहिणाऱ्याने विसरू नये.

फौजेस रोकड पुरवणाऱ्यांत हैदराबादेतील पामर आणि कंपनी ही पेढी अग्रेसर होती. पुण्याच्या दरबारी एकेकाळी रेसिडेंट असलेल्या जनरल पामर यांचा पुत्र विल्यम पामर हा तिचा प्रमुख. त्याची आई मुसलमान घराण्यातील. बंकटीदास नावाचे गुजराती सावकार भागीदार होते. १७९७ च्या कायद्याने ब्रिटिश प्रजाजनांस देशी संस्थानिकांस कर्ज देण्याची मनाई होती. गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्ज यांनी १८१६ साली या पेढीस तीतून सूट दिली. पुढे त्यांच्या पालनातील मुलीचा पती सर विल्यम रम्बोल्ड हाही भागीदार होता, हे सांगितले म्हणजे अधिक टीकेची गरज नाही. व्याज सालिना शेकडा चोवीसच्या आसपास. १८२० साली साठ लक्षांचे नवे कर्ज ठरले, पण त्यातील बराच भाग जुन्याच देण्याच्या नव्या कागदाचा होता, असे निष्पन्न झाले. हे उघडकीस आणणारा रेसिडेंट चार्ल्स मेटकाफ. त्याने गव्हर्नर जनरलची इतराजी पत्करली. येथे रुटिलियस रूफसची आठवण होते. मात्र मेटकाफला हद्दपारी घडली नाही, तो पुढे काही काळ गव्हर्नर जनरलच्या जागी बसला.

मेटकाफने आणखी एक गोष्ट केली. जिल्ह्यांतून इंग्रज अधिकारी नेमून गावोगाव पाच वर्षांची ठराविक आकारणी करवली. मुदत आणि तपासणी, या दोन गोष्टी एकदम आल्या आणि काही उठलेली गावे पुन्हा वसली. तथापि त्यास रयतेचा कैवारी म्हणून डोक्यावर घेण्यापूर्वी दुसरी नोंद वाचावी. पामरचे देणे फेडण्यास पैसा कंपनी सरकारने दिला, आणि त्या मोबदल्यात उत्तर सरकारच्या प्रांताबद्दल निजामास सालोसाल मिळणारी सात लक्षांची खंडणी १ कोटी १६ लक्षांहून थोड्या अधिक रकमेत कायमची तोडून घेतली. एक सावकार गेला, दुसरा आला. १८२९ मध्ये नासिरुद्दौला गादीवर आल्यावर त्याच्या मागणीवरून हे अधिकारी काढले गेले आणि चंदूलालांची जुनी रीत पुन्हा सुरू झाली.

यानंतर जी पेढी पुढे आली ती आपल्या व्यवसायाच्या अगदी जवळची. तारापूरकडील पारशी बंधू विकाजी मेहरजी आणि पेस्तनजी मेहरजी यांनी आधी कोकणातील इंग्रजांच्या जकातीचे मक्ते घेतले होते. १८२५-२६ साली त्यांनी वऱ्हाडातील कापूस सुमारे ५०० बैलांवर लादून घाटमार्गे मुंबईस नेला. वऱ्हाडी कापसाच्या मुंबईशी झालेल्या मोठ्या व्यापाराचा तो आरंभ मानतात. पुढे निजाम सरकारास रकमा पुरवता पुरवता त्यांच्याकडे औरंगाबादची, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरची, टांकसाळ आली. त्यांच्या अमलात पडलेला रुपया ‘पेस्तनशाही’ या नावाने चालला. त्यापूर्वी तेथे चंदूलालांचे बंधू गोविंदबक्ष यांच्या अमलातील ‘गोविंदबक्षी’ रुपया होताच. १८५७ पर्यंत या राज्यातील नाण्यांवर नाव दिल्लीच्या बादशहाचे, मुलूख निजामाचा, आणि लोकांच्या तोंडी नाव गुत्तेदाराचे! रोमच्या पब्लिकानींस लगडीवर नाव उठवण्याची मजल होती. रुपयास आपले नाव लाभण्याचे भाग्य आमच्या माहितीत त्यांस लाभले नाही. ठिकठिकाणच्या टांकसाळींतून निरनिराळ्या वजनाचे व कसाचे रुपये निघत, आणि एका गावचा रुपया दुसऱ्या गावी बट्टा दिल्यावाचून चालत नसे. या बट्ट्यावर सराफकट्टे पोसले गेले, हे आपण सराफांनीच कबूल केले पाहिजे. बट्टा अखेर ज्याच्या पदरी पडे तो सारा भरणारा कुणबी.

पेस्तनजींचे पुढे काय झाले? थकलेल्या रकमांच्या फेडीसाठी १८४१ साली चंदूलालांनी त्यांस वऱ्हाडच्या महसुलातील मोठा भाग लावून दिला. १८४३ मध्ये चंदूलाल पायउतार झाले तेव्हा खजिना दिवाळ्याच्या काठावर होता. नव्या कारभाऱ्यांनी पेस्तनजींस तालुके सोडण्याचा हुकूम दिला. आधी आमचे पैसे चुकते करा, असे ते म्हणाले. वसुली करणाऱ्या त्यांच्या माणसांवर हल्ले होऊ लागले आणि १८४५ मध्ये त्यांस वऱ्हाड सोडावे लागले. ती भरभराटीची पेढी यातून सावरली नाही. ज्याने राज्याचा रुपया पाडला, त्यास राज्याकडून आपला रुपया वसूल करता आला नाही. या प्रकरणी न्याय कोणाच्या बाजूस होता, यावर पुष्कळ काळ वाद झाला. आमच्या मते पेस्तनजींचे येणे खरे होते आणि त्यांची वसुली रयतेस जाचक होती. या दोन्ही गोष्टी एकत्र नांदू शकतात.

राज्याने सावकार बदलले तरी कर्ज राहिलेच. २१ मे १८५३ च्या तहाने फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड, रायचूरचा दुआब आणि नळदुर्गकडील मुलूख कंपनी सरकारच्या हवाली करावा लागला. त्याच महिन्यात चोवीस वर्षांचे सालारजंग दिवाणपदावर आले. त्यांनी ताहुददार एकामागून एक काढले, त्यांच्या जागी पगारी तालुकदार नेमले, ठिकठिकाणच्या टांकसाळी आटोपून हैदराबादचा हाली शिक्का रूढ केला, आणि १८६५ साली जिल्हाबंदी अमलात आणली. शेतसाऱ्याचा गुत्ता संपला. दारू-शिंदीचा राहिला, आणि त्यानेच तो शब्द आपल्या बोलीत जिवंत ठेवला.

खाणीचा म्हणावा असा गुत्ता या राज्यात त्यानंतर आला, तो १८८६ साली. वॉटसन आणि स्टुअर्ट या लंडनच्या दोघा इसमांस राज्यातील खनिजांचा नव्व्याण्णव वर्षांचा परवाना मिळाला आणि दहा लक्ष पौंड भांडवलाची हैदराबाद डेक्कन कंपनी निघाली. दहा पौंडांच्या एक लक्ष भागांपैकी ८५,००० भाग परवाना मिळवणाऱ्यांनी पैसे न भरता आपल्याकडे ठेवले. पुढे निजाम सरकारनेच दहा पौंडांचे भाग बारा पौंडांस विकत घेतले. म्हणजे स्वतःच्या जमिनीतील कोळशासाठी राज्याने अधिमूल्य मोजले. यात राज्याचे अधिकारी सरदार अब्दुल हक यांचा हात होता. १८८८ साली ब्रिटिश पार्लमेंटच्या समितीने चौकशी केली आणि अब्दुल हक पदावरून गेले. येथे मुदत तोकडी नव्हती, उलट माणसाच्या आयुष्याहून लांब होती. हिशेब पाहणाराच खरेदीविक्रीत सामील होता. सिंगरेणीच्या याच कोळशाच्या खाणी १९२० मध्ये नव्या कंपनीकडे आल्या आणि १९४५ मध्ये निजाम सरकारने त्या विकत घेतल्या.

आता ज्ञातिबांधवांस एक विनंती. वर लिहिलेल्या गोष्टींपैकी इंग्रजी दप्तरातील बाजू छापली गेली आहे; आपल्या बाजूचा पुरावा घरोघर आहे, आणि तो आपल्याच मुशीत आटत आहे. जुना चांदीचा रुपया मोडीस येतो तेव्हा कस पाहून तो वितळवला जातो. तो गोविंदबक्षी आहे, पेस्तनशाही आहे की हाली, हे पाहण्याची तसदी आपण घेत नाही. यापुढे नाणे मुशीत टाकण्यापूर्वी त्याचे वजन, दोन्ही बाजूंची छबी आणि ते कोणत्या गावाहून आले, एवढे वहीत टिपून ठेवावे. जमिनीत सापडलेला ठेवा असेल तर तो घेऊच नये. निखात निधी अधिनियमान्वये त्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांस देणे बंधनकारक आहे. ज्यांच्या माळ्यावर मोडीतील बट्ट्याच्या वह्या, कबुलायती किंवा गुत्त्याचे कागद असतील त्यांनी ते रद्दीत न घालता त्यांची सूची करून मंडळाच्या कार्यालयात आणावी. मोडी वाचणारी वडीलधारी माणसे भोकर तालुक्यात आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत. ती आहेत तोवर हे वाचन व्हावे, आणि त्यात आपल्या आजोबांच्या नावे जे निघेल ते तसेच्या तसे पुढील अंकी छापावे.